किती आलं?

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नाही, सायकलचाही नाही. मी आईचं दूध बाटलीत काढून ठेवणारा, जेवणाच्या डब्याएवढा छोटा पंप. बाळाचे बाबा मला आणायला निघाले, तेव्हा आजोबांचाही असाच घोळ झाला होता. "पंप कशाला? सायकलीत हवा आहे की!" बाबा लाजून चपला शोधू लागले.

दुकानात आजीही आल्या होत्या. माझ्या खोक्यात दोन नरसाळी होती, एक मोठं आणि एक लहान. छातीला लावायचं ते हेच. दुकानदार म्हणाला, "मापाचं बघून लावा हं." त्यावर आजी म्हणाल्या, "मोठंच बरं. पोरांचे कपडे नाही का आपण वाढत्या अंगाचे घेत?" दुकानदार आणखी काही सांगणार होता, पण बाबांना तो विषय लवकर संपवायचा होता. लहान नरसाळं पुठ्ठ्याखाली गेलं ते गेलंच.

आई औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. गोळीवरचा केसाएवढा तडा तिच्या नजरेतून सुटत नसे. तिची रजा संपत आली होती. ती कामावर असताना बाळाला पुरेल एवढं दूध मला काढून ठेवायचं होतं. पण मी चालू झालो की तिला दुखायचं, आणि बाटलीचा जेमतेम तळ ओला व्हायचा. दोष शोधणं हे तिचं कामच. या वेळी तो तिने स्वतःमध्येच शोधला.

"किती आलं गं?" आजी दाराबाहेरून विचारायच्या. "किती आलं?" बाबा फोनवरून विचारायचे. सगळे मायेनेच विचारत. पण तो प्रश्न ऐकला की आईचे खांदे वर चढायचे आणि येणारं दूधही थांबायचं.

माझ्या मोटरीला घुर्र-चप, घुर्र-चप एवढंच बोलता येतं. आईला मात्र त्यात शब्द ऐकू येऊ लागले. "ऐक ना, हा 'पुरेल का, पुरेल का' म्हणतोय," ती बाबांना म्हणाली. बाबांनी कान लावला. "मला तर 'झोप आता, झोप आता' ऐकू येतंय." ती हसली नाही.

कामावर जायच्या आदल्या दुपारी तिने मला ओट्यावर ठेवलं. "माझं दूध आटलंय. मी नोकरी सोडते."

"अगं, डॉक्टरांना विचारून डब्याचं दूध देऊ," बाबा म्हणाले. "तो उपाशी नाही राहणार."

"ते कळतं रे मला. पण अंगावर पोटभर पितो, मग इथेच काय होतं?"

"यंत्रच फुसकं असणार!" आजी उसळल्या. "परत करू या. कुठाय त्याचा खोका?" त्यांनी खोका झटक्यात उलटा केला. पुठ्ठा सरकला आणि लहान नरसाळं टपकन फरशीवर पडलं.

आईने ते उचललं. दोन्ही नरसाळी शेजारी शेजारी धरून ती बघत राहिली. मोठ्या नरसाळ्यात कातडी ओढली जाऊन तिच्या अंगावर लाल कडं उमटायचं, ते तिला आता आठवलं. आजींचा चेहरा उतरला. "मीच म्हटलं होतं गं, वाढत्या अंगाचं..."

"अहो, माझं कसलं आता वाढतं अंग!" म्हणत आई हसू लागली आणि हसता हसता रडू लागली.

लहान नरसाळं उकळून निघालं. मी चालू झालो. दुखलं नाही. बाटली भरून वाहिली वगैरे नाही. पण दूध चढताना दिसत होतं. त्या दिवशी कुणीच काही विचारलं नाही.

कारखान्यात आम्हाला सामानाची खोली मिळाली. दाराला कडी नव्हती. पावलं वाजली की आई दचकायची आणि दूध अडायचं. मग शेजारच्या टेबलावरच्या ताई दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागल्या. "आत मालाची मोजणी चाललीय, नंतर या!" असं त्या साहेबांनाही ठणकावत. तेव्हा कुठे आईचे खांदे सैल झाले.

पुढे बाळ जेवू लागलं आणि मी माळ्यावर गेलो. माझी नळी पिवळी पडली. परवा त्याच बाळाने मला खाली काढलं. मोठ्या नरसाळ्याचा आता भोंगा झालाय. निदान त्यासाठी तरी ते मापाचं निघालं.

मित्रांनो, तुमच्या घरीही कधी एखाद्या बंद दाराआडून घुर्र-चप ऐकू येईल. तेव्हा दार ठोठावू नका, बाटलीकडे बघू नका. पाण्याचा तांब्या भरून जवळ ठेवा आणि बाळाला थोडा वेळ खेळवा.

कालच आजींनी लेकीला, म्हणजे बाबांच्या बहिणीला, फोन लावला. तिला नुकतंच बाळ झालंय, आणि फोनमधून तिच्या नव्या पंपाची घुर्रघुर्र ऐकू येत होती. आजींनी तोंड उघडलं. "कि..." एवढंच म्हणून त्या थांबल्या. आईने भाजी चिरता चिरता मान वर केली.

"कितीदा सांगितलं," आजी म्हणाल्या, "आधी जेवून घेत जा. जेवलीस का?"