सोलापूरच्या पाहुण्यांची अंगठी

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका बोळात, वीरभद्रप्पा सराफाच्या दुकानात, मलप्पा तिसऱ्यांदा पाणी प्यायला. रेणापूरला त्याची पिठाची गिरणी होती. माणूस एरवी गिरणीपेक्षा जास्त बोलणारा, पण आज तोंडाला कोरड पडली होती. शेजारी त्याची मुलगी रेणुका बसली होती आणि समोर काचेवर, लाल डबीत, तिची साखरपुड्याची अंगठी. अंगठी विकली गेली तर परवा रेणुकाची नर्सिंगची फी भरली जाणार होती. नाही गेली तर मिळालेली जागा हातची जाणार होती. तिसरा रस्ता नव्हता. मलप्पाने सगळे चाचपून पाहिले होते.

साखरपुडा मोडून पाच महिने झाले होते. सोलापूरच्या पाहुण्यांनी मागाहून चारचाकी मागितली, मलप्पाने हात जोडले. मग चार शहाण्यांची बैठक बसली. मलप्पाने मुलाच्या गळ्यात घातलेला अर्ध्या तोळ्याचा गोफ त्यांच्याकडेच राहावा आणि त्यांनी दिलेली हिऱ्याची अंगठी मुलीकडे, असं ठरलं. आपणच फायद्यात राहिलो, असं वाटून मलप्पा मनातून खूशही झाला. ही अंगठी एकदा सराफाला दाखवू या, असं रेणुकाची आई साखरपुड्यातच म्हणाली होती. तेव्हा हे गृहस्थ तिच्यावरच खेकसले होते, "पाव्हण्यांच्या वस्तूची पारख करायलीस? बरं दिसतं का?" बरं दिसण्यापायी आपली माणसं काय काय घालवून बसतात, देव जाणे.

अंगठी घ्यायला आलेलं जोडपं नांदेडचं होतं. आनंदराज पाटबंधारे खात्यात कारकून, लुंबिनी शाळेत शिक्षिका. येत्या रविवारी दोघांचा साखरपुडा होता. मोबाइलवर जाहिरात बघून हे जोडपं आलं होतं. नवा हिरा झेपत नव्हता, आणि मोडलेल्या सोयरिकीची अंगठी अपशकुनी असल्या गोष्टींना दोघंही भीक घालत नव्हती. आधीची दोन गिऱ्हाइकं तेवढ्यावरूनच उठून गेली होती, त्यामुळे मलप्पाला या दोघांचं फार अप्रूप वाटलं.

"नव्वद हजार, फोनवर ठरलं तसं," आनंदराज म्हणाला. "फक्त सराफांनी एकदा बघावं."

वीरभद्रप्पाने पेनासारखं यंत्र खड्याला टेकवलं. यंत्र वाजलं, हिरवा दिवा लागला.

"हिरा हाय," तो म्हणाला. लुंबिनी हसली. मलप्पाच्या जिवात जीव आला.

पण सराफाने अंगठी खाली ठेवली नाही. जाड भिंग डोळ्याला लावून खड्याची कड तो फिरवून फिरवून बघत राहिला. मग मान वर न करता कानडीत बोलला. तो आणि मलप्पा निलंग्याकडचे, एकाच गावचे. नांदेडच्या त्या दोघांना यातलं अक्षर कळणार नव्हतं.

"मलप्पा, हा खाणीतला नाही, कारखान्यात बनवलेला हिरा आहे. कडेला बारीक अक्षरांत तसं कोरलंय. यंत्राला दोन्ही सारखेच. सोन्यासकट पंचवीस हजारांवर कुणी देणार नाही. यांना सांगू का?"

 मलप्पाने हळूच मान हलवली. नको.

"काय म्हणाले?" लुंबिनीने विचारलं.

"काही न्हाई, घरचं विचारायलेत," मलप्पा म्हणाला. पहिलं खोटं सहज निघालं, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आनंदराजने पैशांचं पाकीट काढलं, पण हातातच धरलं. "काका, राग मानू नका. नांदेडला माझ्या ओळखीचा सराफ हाय. त्याला एकदा दाखवून मग..."

लुंबिनीने त्याची बाही ओढली. "असं काय करता? काकांच्या तोंडावर? बरं दिसतं का ते?" मग ती मलप्पाकडे वळली. "काका, तुम्ही वडिलांच्या जागी. तुम्हीच सांगा, अस्सल हाय ना? तुम्ही हो म्हणा, आम्ही पैसे मोजतो."

नुसतं हो म्हणायचं होतं. आणि ते धड खोटंही नव्हतं. यंत्र हिराच म्हणालं होतं. सोलापूरकर तरी दुसरं काय म्हणाले होते? वीरभद्रप्पा निमूटपणे भिंग पुसत होता. फी, परवाची तारीख, सगळं डोळ्यांपुढे फिरलं. समोर ती पोरगी मात्र अगदी भरवशाने बघत होती. साखरपुड्यात आपणही असेच बघत होतो, हे मलप्पाला आठवलं आणि त्याला त्या पाहुण्यांचा नव्हे, स्वतःचाच भयंकर राग आला.

"न्हाई, ताई," तो म्हणाला. "कारखान्यातला हाय. सोन्यासकट पंचवीस हजारांच्या वर न्हाई. मला बी आत्ताच कळलं, आन् मी लपवायलो होतो."

आनंदराजने पाकीट खिशात घातलं. लपवणाऱ्याकडून आता पंचवीस हजारांनाही त्याला काही घ्यायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लुंबिनी काहीतरी बोलणार होती, पण तो पायऱ्या उतरलासुद्धा. "येतो काका," एवढंच म्हणून तीही गेली.

बाहेर आल्यावर मलप्पाला पोरीकडे बघवेना. "तुझी जागा मी माझ्या तोंडानं घालवली, रेणू."

"मला कळलं होतं, अप्पा, सराफ काय म्हणले ते."

मलप्पा जागीच थांबला. त्याची आई सिद्धम्मा गेल्यापासून घरात कानडी कुणी बोलत नव्हतं. पोरीला ती अजून समजत असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या तोंडाकडं बघत होते." रेणुका म्हणाली. "तुम्ही हो म्हणला असता तर मी बी गप्प बसले असते, अप्पा. पैसे घेतले असते."

आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला तिथेच, भर बाजारात फुटलं.