सदर मांजर

नखाचं टरफल होतं ते. अर्धपारदर्शक, विळ्यासारखं वाकलेलं, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि पांढऱ्या कापडाच्या ओढल्या गेलेल्या धाग्यात असं अडकलेलं की शिवणकाकूंनी ते मुद्दामच काढलं नसावं, पुरावा म्हणून ठेवलं असावं. तिने ते अलगद बोटाच्या टोकावर घेतलं. मांजरं नखांवरची साल अशी टाकून देतात हे तिला आजवर माहीत नव्हतं… आईला माहीत असणार. पण आईला तरी कसं असणार? आईचा तर त्या मांजराशी काही संबंधच नव्हता.

"बघितलंस?" शिवणकाकू दारातच उभ्या होत्या, गळ्यात टेप, बाहीला टाचण्या. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, पुढच्या खोलीत दोन मशीनं. "सहावा ॲप्रन हा. दवाखान्याची ऑर्डर आहे, परवा द्यायचीय. असला ओरबाडलेला ॲप्रन घालून डॉक्टरीणबाई रोगी तपासणार? रोग्याला वाटेल, हिच्याच अंगावर वाघ धावून आलाय."

तिला हसू आलं, ते तिने गिळलं. गेल्या पाच आठवड्यांत हसू येण्याचे असे दोन-तीन प्रसंग आले होते आणि प्रत्येक वेळी तिने ते गिळलं होतं, कुणी पाहत नसतानाही.

"तू एकटी, आई जाऊन महिना झालेला… मला हे बोलायचं नव्हतं. तोंडाला कुलूप लावून बसले होते. पण आता हात टेकले, बाई. मी पालिकेच्या गाडीला फोन केलाय. आज सहाला येतील. गळ्यात पट्टा असला, कुणी माझं आहे म्हणालं, तर ते हात लावत नाहीत. नाहीतर उचलतात."

"आणि नेतात कुठे?"

"नेतात तिथे. मी काय बघायला गेलेय? परत आलेलं एकही पाहिलं नाही एवढं खरं."

"ते मांजर आमचं नाही, काकू," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं की हा आवाज आपला नव्हे. वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरणारा, पुढचं बोलणं बंद करणारा हा आवाज आईचा.

"तेच तर!" काकूंनी काखेतून एक कागद काढला. प्लास्टिकमध्ये घालून घेतलेला. अकरा वर्षांपूर्वीचा. "वाच."

वाचायची गरज नव्हती, तरी तिने वाचलं, कारण अक्षर आईचं होतं. उकाराचं शेपूट लांब ओढण्याची सवय… 'सदर मांजर माझे नाही. ते कोणाचे आहे हे मला ठाऊक नाही. त्याच्या वर्तनास मी जबाबदार नाही व पुढेही असणार नाही.' खाली सही. त्याखाली काकूंची सही, आणि साक्षीदार म्हणून हेडमास्तरांची. ते पहिल्या घरात राहतात. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी हेडमास्तरच. सात घरांच्या या रांगेत तंटा झाला की त्यांच्या बैठकीत बसायचं, दोन्ही बाजूंनी लिहून द्यायचं, सह्या करायच्या. आणि एकदा लिहिलं की मिटलं. तो विषय पुन्हा काढील तो कांगावखोर.

"मी ठरले ना कांगावखोर," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं. पाण्याच्या टाकीवरून बोलायला गेले तरी हेडमास्तर म्हणायचे, 'मांजराचं नाही ना?' आणि सगळे हसायचे. तुझी आईही. तर मला एवढंच सांग, सहाला मी गाडीवाल्याला काय सांगू? बेवारशी म्हणू? म्हणते. पण तुमचं असेल तर तसं तोंडाने सांग. भरपाई नको मला. तू फक्त हेडमास्तरांपुढे चल आणि सांग, तुझ्या आईने खोटं लिहून दिलं."

कामाला जाताना ती हे डोक्यात नीट मांडून पाहत होती. आईचा शब्द ठेवायचा तर मांजर जातं. मांजर ठेवायचं तर आई खोटी ठरते, तेही आत्ता, जेव्हा रांगेतला प्रत्येक माणूस भेटायला येऊन म्हणून गेलाय की असं सरळ माणूस पाहिलं नाही. साधा हिशेब होता. यात विचार करण्यासारखं काय आहे? एक मांजर. करडं, डाव्या कानाला फाटलेलं, जे तिच्याकडे आजवर एकदाही आपणहून आलेलं नाही. शिवाय ते खरोखरच आईचं होतं कशावरून… आई त्याला खायला घालायची, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मागच्या कुंपणाच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, दुधात कुस्करलेला पाव. पण नुसत्या दगडावर. ताटली नाही, वाटी नाही. 'भांडं ठेवलं की पाळलं,' आई म्हणायची. 'मी पक्ष्यांना टाकते. ते खातं, त्याला मी काय करू?' दूध पिणारे पक्षी! फोनवर ती विचारायची, आई, काय करतेयस, तर आई सांगायची, काही नाही, बसलेय. आईच्या आजारपणात नोकरी बदलून इथे येईपर्यंत वीस वर्षं ती दुसऱ्या गावात भाड्याच्या खोलीत राहिली आणि वीस वर्षं आई 'काही नाही, बसलेय' म्हणत राहिली.

चौकात सिग्नलला थांबल्यावर वाऱ्याने शाल उडाली. आईची, तपकिरी, पाच आठवड्यांपासून ती हीच घेत होती. ती सावरताना तिला आतल्या बाजूला केस दिसले. आखूड, करडे, लोकरीत विणल्यासारखे बसलेले. बाहेरच्या बाजूला एकही नाही. तिने दोन बोटांनी एक ओढून काढला. भिंतीवर राहणाऱ्या मांजराचे केस शालीच्या आत कसे येतात? थांबलेल्या गाड्यांपैकी कुणीतरी भोंगा वाजवला. ती रस्ता ओलांडून गेली.

कानाच्या दवाखान्यात तिचं काम म्हणजे माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून एकेक स्वर पाठवायचा, आधी ठळक, मग बारीक, मग आहे की नाही असा वाटणारा. ऐकू आला की दाबायचं. तक्त्यावर ती खुणा करते.

"बारीक आला तरी दाबायचं हं, आजोबा."

"मला सगळं ऐकू येतं," आजोबा म्हणाले. "हिलाच वाटतं येत नाही."

"नळ बंद करा म्हटलेलं येत नाही," बरोबर आलेली सून म्हणाली. "चहा ठेवते म्हटलेलं मात्र शेजारच्या घरातूनही येतं."

आजोबा धडाधड बटण दाबत होते, तिने काही पाठवलं नसतानाही. तिचा खांदा हलला की दाबायचे. तिने त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली. बहुतेक माणसं असंच करतात. भीतीने म्हणा, समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणा, न ऐकलेलं ऐकलं म्हणतात. याच्या उलट करणारं माणूस तिने एकच पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आई त्या गावी, तिच्या तिथल्या दवाखान्यात आली होती. गंमत म्हणून तिला बसवलं, तर आई मोठ्या स्वरांना दाबत होती आणि बारीक स्वरांना नाही, पण प्रत्येक बारीक स्वराला तिची पापणी हलत होती. काचेतून स्वच्छ दिसत होतं. आई, आला ना ऐकू? 'आला की.' मग दाबलं का नाहीस? 'एवढ्यातेवढ्याला काय दाबायचं. मोठा आला की दाबू म्हटलं.'

त्या रात्री खोलीवर बसून दोघी यावर किती हसल्या होत्या. पुढच्या वर्षी पोटात दुखायला लागलं तेव्हाही आई तशीच थांबली होती, मोठं येईपर्यंत, आणि मी… मी फोनवर होते. फोनवर पापणी दिसत नाही.

दुपारच्या सुट्टीत ती पट्टा घ्यायला गेली. ठरवून नाही, डबा उघडला, बंद केला, आणि उठून गेली. दुकानदाराने विचारलं, "गळा केवढा?" तिने हाताची बोटं जुळवून एक गोल केला, तो तिला मोठा वाटला, मग लहान केला. "बाई, मांजर आहे की उंदीर?" दुकानदार म्हणाला. त्या जनावराला तिने कधी हात लावला नव्हता. शेवटी भोकंच भोकं असलेला एक लाल पट्टा त्याने दिला. घेतला म्हणजे बांधायचाच असं नाही, तिने स्वतःला बजावलं. ड्रॉवरमध्ये पडून राहील.

साडेपाचला ती घराकडे वळली तेव्हा शिवणकाकूंचं दार उघडं होतं. मशीन बंद. काकूंनी तिला आत बोलावलं आणि कपाटाजवळचा बेतलेल्या कापडाचा गठ्ठा दाखवला. वरच्या थरात एक खळगा होता. गोल, खोल, कडेने करडे केस. कितीदा तरी तिथेच वळून बसल्याशिवाय कापडात असा खळगा पडत नाही.

"झाकून ठेवलं तर खालच्या कप्प्यात शिरतं. खिडकी लावून मला बसता येत नाही, श्वास कोंडतो. बरं, हे पूर्वी नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायचं, मी झाडू दाखवला की जायचं. आता रोज येतं. माझ्यावर जीव जडलाय म्हणून नाही काही. तुमचं मागचं दार बंद असतं ना हल्ली."

"मागचं दार?"

"अगं, रात्री आत तर झोपायचं तुमच्या. सात वाजता कडी काढायची तुझी आई. पहाटे पुन्हा बाहेर घालायची, कुणी उठायच्या आत."

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात आईने तीनदा विचारलं होतं. मागचं दार… पहिल्यांदा अगदी सहज, मग दुपारी झोपेतून जागी होऊन, मग नळी लावलेली असताना अर्धंमुर्धं. तिने दर वेळी पलंगाच्या कठड्यावरून वाकून, आईच्या कानाशी, सावकाश आणि स्पष्ट, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं सांगितलं होतं, लावलंय, आई. कडी घातलीय. कुलूपसुद्धा लावलंय, काळजी करू नकोस. आईने डोळे मिटून घेतले होते. तिला वाटलं होतं, चला, जीव शांत झाला.

ती काकूंच्या स्टुलावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, ती त्याची वाट पाहू लागली. ते आलं नाही. भलतंच काहीतरी आलं, छातीतून वर, ऊन आणि सरळ. एवढं सांगता आलं नाही तुला? एक वाक्य. मांजराला आत घे. कुणापासून लपवत होतीस… हेडमास्तरांपासून? माझ्यापासून? मरतानासुद्धा?

"खोटं लिहून दिलं तिने," ती म्हणाली.

काकूंनी चष्मा काढला. "कोणी?"

"आईने. तिचंच होतं ते. अकरा वर्षं. लबाड होती आई."

हा दिवस काकूंनी किती वेळा मनात रंगवला असेल. पण त्या जिंकल्यासारख्या दिसेनात. टेपचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "लबाड नको गं म्हणूस. हट्टी होती."

"लबाड."

"बरं, लबाड."

मग दोघीही हसल्या. या वेळी तिने ते गिळलं नाही. पाच आठवडे आई फोटोतल्यासारखी झाली होती. सोशीक, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. या एका शब्दासरशी ती पुन्हा घरात वावरणारी बाई झाली, जिच्याशी भांडता येईल.

"हेडमास्तरांकडे उद्या जाऊ," ती म्हणाली. "मी सांगेन."

"ते उद्या बघू. पावणेसहा झालेत. आधी पट्टा बांध. सकाळपासून ते दिसलेलं नाही, आणि गाडीवाले काही माझ्या सांगण्याने थांबायचे नाहीत. त्यांना दिसलं की टाकलं जाळं."

मागच्या दाराचं कुलूप उघडायला वेळ लागला. कडी गंजली नव्हती, उलट गुळगुळीत होती, वापरातली. मागे अरुंद बोळ, कुंपणाची भिंत, पलीकडे पत्र्यांची छपरं. संध्याकाळचं ऊन पत्र्यांवर तिरपं पडलेलं. मांजर कुठेच नव्हतं. तिने ओठांनी आवाज काढून पाहिला, जसा सगळे काढतात. मग मनी, मनी म्हणून पाहिलं. मग नुसतंच "ये."

"तसं नाही येत ते," मागून काकू म्हणाल्या.

"मग कसं?"

काकू जरा संकोचल्या. पदराला हात पुसल्यासारखं केलं. मग भिंतीजवळ गेल्या, मान थोडी वाकवली आणि आपला रोजचा, मशीनच्या आवाजावरून ओरडून बोलायची सवय झालेला आवाज खाली आणला, इतका की तो त्यांचा राहिला नाही.

"आलात का?" त्या म्हणाल्या. शेवटाला किंचित उतरत. "या. कुणी बघत नाहीये."

ती जागच्या जागी उभी राहिली. ते उतरणं, 'या'नंतरची थांबण्याची ती एक मात्रा, 'कुणी'मधला तो दाबलेला खट्याळपणा… नक्कल नव्हती ती. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी, अकरा वर्षं, ऐकून ऐकून ते काकूंच्या कानात तसंच्या तसं बसलं होतं. आईने माझ्याशी हा आवाज कधी काढला होता? लहानपणी काढला असेल. आठवत नव्हतं. आणि तो असा शेजारणीकडे…

पत्र्यांवर काही हललं नाही. पुढच्या रस्त्यावर कुठलीतरी गाडी वेग कमी करत होती. ती तीच असेल, नसेलही. तिच्या मुठीत पट्ट्याचं बक्कल रुतत होतं.

"पुन्हा म्हणा ना, काकू."

"अगं, तू म्हण आता. तुझं आहे ते."

"एकदाच."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा मान वाकवली, पुन्हा आवाज खाली नेला. आलात का… ती भिंतीला हात टेकून, डोळे मिटून ऐकत होती. मांजर यायला हवं होतं, आत्ता, या क्षणी यायला हवं होतं, हे तिला पक्कं कळत होतं. आणि तरी मला, खरं सांगायचं तर, ते इतक्यात येऊ नये असं वाटत होतं.