वच्छलाच्या नवऱ्याचा कान

वलगावहून अमरावती तीन कोस. पण भगवंत माळ्यानं पोराला शिकायला पाठवताना असा उपदेश केला, की जणू पोरगा समुद्र ओलांडून चालला आहे.

"ताटात पडंल ते खाय. दुसऱ्याच्या घरात मोठ्यानं शिंकू नको. घरधन्याच्या आधी झोपू नको अन् त्याच्यामागून उठू नको. अन् काई झालं तरी 'नाई' म्हणू नको."

"हाव," देवीदास म्हणाला. पुढच्या दोन वर्षांत त्याचा हा एकच धडा पक्का झाला.

तो राहायला गेला ते घर नत्थुजींचं. कापसाचे व्यापारी. मुंबईहून कापसाच्या भावाची पत्रं यायची, ती वाचायला त्यांना घरात कुणीतरी हवं होतं. देवीदासनं ओसरीवर गाठोडं ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायला, आणि त्याच दुपारी कापसाचा भाव चढला. विलायतेच्याही पलीकडच्या कुठल्याशा मुलखात भाऊबंदकीची लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता, म्हणून इथला भाव चढत होता. पण ती लढाई नत्थुजींनी पाहिली नव्हती. देवीदासला पाहिलं होतं.

"पोट्ट्याचा पायगुण हाये," त्यांनी बायकोला सांगितलं. "याले परकोटाभाईर जाऊ द्याचं नाई."

शाळा परकोटाच्या, म्हणजे शहराच्या तटाच्या, आतच होती, त्यामुळे विद्येची अडचण झाली नाही. नत्थुजींची बायको मैनाबाई रोज सकाळी त्याच्या पायांवर दूध-पाणी घालायच्या आणि मग ते पाय घेऊन तो भूगोल शिकायला जायचा. आधी त्याला लाज वाटली, मग घरची आठवण आली, मग काहीच वाटेनासं झालं. बाजाराच्या दिवशी बाप वांगी घेऊन यायचा आणि विचारायचा, "कोणाले 'नाई' तं म्हटलं नाईस ना?" यालाही 'नाई' म्हणता येत नसल्यानं देवीदास नुसती मान हलवायचा.

वैशाखात देवीदासच्या बहिणीचं, वच्छलाचं, लग्न ठरलं, बाळापूरच्या चंद्रभानशी. लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट वागव म्हणून. वच्छलाला भाऊ एकच. भगवंत नत्थुजींकडे आला.

"दोन दिवस सोडा पोराले. बहीण एकच हाये त्याची."

"माह्या कापसाच्या तीनशे गाड्या इकाच्या हायेत," नत्थुजी म्हणाले.

लग्न देवीदासवाचून लागलं. चुलतभाऊ कान पिळायला पुढे आला, तर वच्छला मांडवातच कडाडली, "हात लावशीन तं पाह्य! माहा भाऊच पिळंल." मग असं ठरलं, की बाळापूरला जाताना वऱ्हाडानं अमरावतीच्या वेशीवर थांबावं. देवीदासनं आत उभं राहावं, नवऱ्यानं बाहेर, आणि काय पिळायचं ते पिळून घ्यावं. नत्थुजींना ही तोड फारच आवडली. ते स्वतः आले.

वेशीबाहेर कापसाच्या गाड्या सकाळपासून अडकून पडल्या होत्या. त्यांच्यात नवरानवरीची दमणी अशी रुतली, की वच्छलाला उतरायलाही जागा उरली नाही. चंद्रभान पुढून कसाबसा उतरला. पण दोघांच्या शेल्यांची गाठ बांधलेली, ती सासरच्या उंबऱ्यापर्यंत सोडायची नाही. त्यामुळे शेला पुरेल तितकाच नवरा पुढे येऊ शकत होता. इकडे देवीदासचं धोतर नत्थुजींनी मागून मुठीत धरलेलं.

कान वीतभर लांब राहिला.

"अजून थोडे या ना, दाजी."

"शेला फाटून राहिला ना! तूच ये."

"मालक सोडत नाईत."

देवीदास वाकला, चंद्रभान मान तिरपी करून वाकला, बाशिंग नाकावर घसरलं, आणि दोन बोटं कानाला लागली.

"झालं!" नत्थुजी ओरडले.

"कुठी झालं?" दमणीतून वच्छलाचा आवाज आला. "पिळला नाई, नुसता शिवला! भाऊ, एक पाऊल ये ना!"

"देवीदास! पाय आत!"

"भाऊ!"

"हाव," देवीदास म्हणाला. कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. तो उभाच राहिला. तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या, दमणी निघाली आणि गाठीला बांधलेला नवरा तिच्या मागून धावत गेला. वच्छला वळून पाहत होती. रडत होती का, ते कापसाच्या गाड्यांतून दिसलं नाही.

चार दिवसांनी पत्र आलं. देवीदासनं नेहमीच्या आवाजात वाचलं, लढाई संपली, तिकडचा कापूस सुटला, भाव निम्म्यावर आला.

नत्थुजी खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुया हात भाईर गेल्ता."

"भाव त्याच्या दोन दिवस आधी पडला, मालक. तारीख हाये."

"तवा तू कुठी होता?"

"शाळेत."

"दोनी पाय आत?"

"हाव."

नत्थुजींनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "मंग जाय," ते म्हणाले. "कुठंई जाय."

मैनाबाईंनी भाकरी बांधून दिली. देवीदास वेशीबाहेर आला. न विकलेला कापूस घेऊन गाड्या परत फिरत होत्या.

"बाळापूर किती कोस, भाऊ?" त्यानं एका गाडीवानाला विचारलं.

"चाळीसेक. कायले जातं तिकडं?"

"कान पिळाचा हाये."

"कोणाचा?"

"बहिणीच्या नवऱ्याचा."

"कावून, मारते का तिले?"

"नाई," देवीदास म्हणाला.

गाडीवानानं थोडा विचार केला आणि मागं बोट दाखवलं. देवीदास कापसावर चढून बसला. गाडी चालू लागली, तेव्हा आपल्याला आनंद वगैरे झाला आहे का, हे त्यानं एकदा तपासून पाहिलं. अजून तरी काही हाती लागत नव्हतं. कापूस मात्र मऊ होता.