नव्या लेबलाचा सप्लाय

"ह्यो कॉम्प्युटर सुनंनीच जाळला हाय," दाजी म्हणाले. "लाइट जात-येत असली तरी ही त्याच्यासमोरून हलायची न्हाय."

नामाने पिशवीतून टेस्टर काढला. भिवंडीजवळच्या काल्हेरच्या या नव्या बंगल्यात पाऊल टाकल्यापासून तो हेच ऐकत होता. जमीन गोदामांसाठी विकल्यावर दाजींनी घरात जे जे आणलं, त्यात हा कॉम्प्युटर होता. सून, तिचं नाव पूर्वी, त्यावर क्लासच्या परीक्षेचा सराव करायची. तीन महिन्यांत तो बंद पडला आणि दाजींनी खोलीला कुलूप घातलं. आता ती दाराशी खाली मान घालून उभी होती.

नामा बावीस वर्षं नारपोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत, वायरमन होता. लूम भंगारात गेले, तेव्हा उतारवयात भावेशच्या दुकानात तो कॉम्प्युटरचं काम शिकला; दाजींचा कॉम्प्युटरही तिथूनच आला होता. पद्धत मात्र जुनीच, आधी भिंत, मग वायर, मग मशीन. प्लगमध्ये टेस्टर पेटला. केबल बदलली, फरक नाही. मग त्याने झाकण काढलं, आतल्या विजेच्या डब्याचा, म्हणजे सप्लायचा, मोठा कनेक्टर उपसला आणि सप्लाय एकटा चालतो का ते बघायला त्यातली हिरवी वायर काळीला जोडली. पंखा एकदा थरथरला आणि थांबला. बाकीचं सगळं सोडवूनही तेच. बिघाड सप्लायमध्येच होता.

प्लग काढून, थोडं थांबून त्याने डबा उघडला. आत सुताच्या तंतूंचा काळा, तेलकट थर गादीसारखा बसला होता. त्यात मेलेली झुरळं, खाली फुगून चिकट पाणी सोडलेले कपॅसिटर. या बंगल्याच्या आसपास एकही लूम नव्हता. डबा उलटा केला, तर पत्र्यावर त्याने स्वतः खिळ्याने मारलेली फुली. नारपोलीतल्या एका लूमच्या हापिसातून त्यानेच हा भंगार म्हणून काढला होता. आता वर चकचकीत लेबल होतं.

त्याने गॅलरीत जाऊन भावेशला फोन लावला. भावेश हसला. व्होल्टेज वाढलं म्हणून सांग, म्हातारा सुनेवर ढकलतोच आहे, तुझं काय जातंय, असं म्हणाला. नामाला शिसारी आली. दुकानातले किती डबे आपण कुठले म्हणून न विचारताच बसवले, हे आठवून स्वतःचीही आली. त्याने फोन बंद केला.

आत येऊन त्याने डबा दाजींपुढे ठेवला.

"दाजी, हा जुना आहे. मीच भंगारात काढलेला. आमच्या दुकानाने लेबल लावून तुम्हाला नवा म्हणून दिला. सूनबाईंचा यात काहीच दोष नाही."

दाजींनी भावेशचा उद्धार केला. सुनेकडे मात्र वळूनही पाहिलं नाही. ते तिला दोन शब्द बोलतील म्हणून नामा थांबला. पण दाजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि आता दुसरा टाकून चालू कर म्हणाले.

पिशवीतला खात्रीचा सप्लाय नामाने बसवला. स्क्रीन उजळला. खुर्चीवरून उठत तो पूर्वीला म्हणाला, "बसा ताई. करा अभ्यास."

"परीक्षा गेल्या रविवारी झाली, काका," ती म्हणाली. "घरच्यांनी मला बसू दिलं नाही."

दाजी खिडकीबाहेर पाहू लागले. पूर्वीने कपाटातून क्रोशाचं कव्हर काढलं, चालू स्क्रीनवर पसरलं, त्याच्या कडा हाताने सारख्या केल्या आणि ती आत निघून गेली. जाळीतून निळा उजेड खोलीभर ठिपक्याठिपक्यांनी पडला.