टीव्ही बघणारा पट्टेवाला

अहो, इकडे बघा इकडे! टीव्हीकडे नाही, त्याच्या समोरच्या काचेच्या पेटीकडे. मी पट्टेवाला बोलतोय. ऑफिसातला नव्हे हं, पाण्यातला! अंधेरीच्या या अख्ख्या बिल्डिंगमध्ये ‘टीव्ही बघणारा मासा’ म्हणून गाजला तो मीच. आणि आधीच सांगून टाकतो, मी टीव्ही कधीही बघितलेला नाही!

माझी लांबी तुमच्या बोटाच्या दोन पेरांएवढी. अंग पांढरं आणि त्यावर तीन काळे पट्टे, पहिला थेट डोळ्यावरून जातो. कपाळावर तपकिरी डाग आहे. शेपटी मात्र इतकी पारदर्शक, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ती लावायची राहूनच गेली.

जन्म लक्षद्वीपचा. तिथे बेटाच्या कडेनं उथळ, नितळ पाणी असतं आणि त्यात प्रवाळाची झाडं. झाडं आपली म्हणायची, खरं तर इवल्याइवल्या जिवांनी बांधलेली ती घरं. अशा एका झाडात आम्ही पंधराजण राहायचो. दिवसभर त्याच्यावर भिरभिरायचं, पाण्यातून वाहत येईल ते मटकवायचं, आणि मोठ्या माशाची सावली दिसली की सुळ्ळकन सगळे आत! कुणाची फांदी कुठली तेही ठरलेलं. माझी खालून दुसरी. काय मजा होती म्हणून सांगू!

मग एके दिवशी जाळं आलं. कोचीनपर्यंत बोट, तिथून विमान, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून मी सांताक्रूझला उतरलो. दुकानातून मला घरी आणलं विद्याधररावांनी. त्यांना माशांचं भारी वेड. माझ्यासाठी ते दर रविवारी स्कूटरवरून खारदांड्याला जातात आणि समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणतात. तिथली एक कोळीण त्यांना म्हणाली म्हणे, “लोक इथून मासळी-मावरं नेतात, तू नुसतं पाणीच नेतोस रे?”

पाणी होतं, खाणं होतं. नव्हती ती लपायला जागा. पेटीत खाली वाळू आणि चारी बाजूंना काच. कुणी नुसतं खोलीतून गेलं तरी माझा जीव वरखाली व्हायचा. आत शिरायचं तर कशात?

आणि एवढ्यात मला ते दिसलं. समोर, टीव्हीवर, विणलेल्या रुमालावर ठेवलेलं. प्रवाळाचं झाड! वाळलेलं, पांढरंफटक, पण फांद्या अगदी तशाच. खालून दुसरीसुद्धा!

मी काचेला जो चिकटलो तो चिकटलोच.

“शुभा, लवकर ये! मासा टीव्ही बघतोय!” विद्याधरराव बायकोला हाक मारत ओरडले.

झालं! शेजारच्या कमलकाकू धावत आल्या. संध्याकाळी तळमजल्यापर्यंतची माणसं आली. “अय्या, गाणी लागली की शेपूट हलवतो बघा!” काकू सगळ्यांना सांगू लागल्या. हलवेन नाही तर काय? घर समोर दिसतंय आणि मधे काच!

पंधरा दिवसांत मी खाणं टाकलं. काळे पट्टे राखाडी पडले. विद्याधररावांनी दोनदा पाणी बदललं आणि मला बरं वाटावं म्हणून टीव्ही सकाळपासून लावून ठेवला. भला माणूस! पण मी चाललो होतो.

तेवढ्यात टीव्हीच बिघडला. तो दुरुस्तीला साकीनाक्याला गेला, आणि शुभाताईंनी प्रवाळाचं झाड उचलून खिडकीजवळच्या शिलाईमशीनवर ठेवलं. मी अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून वळलो आणि खिडकीकडच्या काचेला लागलो.

शुभाताई थबकल्या. त्यांनी झाड उचलून फ्रिजवर ठेवलं. मी फ्रिजकडे. पुन्हा मशीनवर. मी पुन्हा मशीनकडे. असं तीनदा!

“अगं बाई! अहो, हा टीव्ही बघत नव्हताच! हा माझं झाड बघतोय!”

विद्याधरराव वरमले. “त्याला हवं असणार ते. पण शुभा, एकदा पाण्यात घातलं की ते पांढरं राहायचं नाही. शेवाळ धरेल. मधुकरला काय सांगशील?”

मधुकर हा शुभाताईंचा धाकटा भाऊ, बोटीवर नोकरीला. त्यानं पहिल्या सफरीवरून आणून भाऊबीजेला दिलेली ही ओवाळणी. शुभाताई ती जुन्या टूथब्रशनं स्वतः पुसायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या बराच वेळ झाड हातात धरून बसल्या. माझे कल्ले धडधडत होते.

“मला दिलंय ना त्यानं? मग मी कुणालाही देईन,” असं म्हणून त्या उठल्याच.

दोन दिवस झाड बादलीत भिजत होतं. तिसऱ्या दिवशी ते वरून पाण्यात आलं आणि मी वाट न बघता शिरलो आत, खालून दुसऱ्या फांदीत! चार दिवसांत पट्टे पुन्हा काळेकुळकुळीत. भूक तर अशी लागली की विचारू नका! टीव्ही दुरुस्त होऊन आला, पण मी ढुंकूनही बघेना, म्हणून कमलकाकू रुसल्या.

दिवाळीत मधुकर आला. टीव्हीवर नुसता रुमाल बघून त्याचा चेहरा पडला. शुभाताईंनी त्याला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. झाड हिरवट झालेलं, आणि त्यातून डोकं काढून मी!

“ताई, अगं, मी शोभेचं झाड म्हणून आणलं होतं.”

“झाड नाही रे ते. बिऱ्हाड आहे.”

मधुकर काचेशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मी समुद्रातून उचललं तेव्हा पण यातून काहीतरी सुळकन पळालं होतं, ताई.”

आता मी मजेत आहे, खरंच. फक्त एक मागणं आहे. तुमच्याही टीव्हीवर असं पांढरं झाड असेल. आहे ते राहू द्या, पण बोटीवरच्या भावाला सांगा, आणखी आणू नकोस. माझ्या या घरात पंधराजणांची सोय आहे. रोज दिवा मालवला की मी माझ्या फांदीत शिरतो, आणि सवयीनं थोडा सरकून बाकीच्यांना जागा करतो.