सुरभीचा न दुखणारा जबडा

ढाणकीच्या मारोतरावांच्या घरी रोज जेवताना एकच वाद व्हायचा. सगळ्यांची ताटं उचलली गेली तरी नऊ वर्षांची नात सुरभी पहिलीच भाकर चघळत बसलेली असायची.

"पोट्टीचे नखरे वाढले. लाडानं बिघडवली तुम्ही!" मारोतराव सुनेवर, अर्पितावर, चिडायचे.

सुरभीला संधिवात होता. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे सुजले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि ती पुन्हा धावू लागली. मागच्या खेपेला मात्र त्यांनी जबड्याचा एमआरआय लिहून दिला. त्याला चार महिने झाले, पण मारोतराव जाऊ देईनात.

"गुडघे बरे झाले ना? मंग तोंडाचा फोटो कायले? पोरीले उगाच खोट लावू नका. उद्या सोयरिकीच्या वक्ती लोकं विचारतीन!"

एका रविवारी शेजारच्या इंदुताई घरी आल्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. अर्पितानं मन मोकळं केलं, तशी त्यांनी सुरभीला जवळ बसवून तोंड उघडायला लावलं. हनुवटी उजवीकडे सरकली. तिचीच दोन बोटं तोंडात जेमतेम मावली; एरवी तीन मावतात.

"दुखते का बाई?"

"नाई. जांभई देताना अडकते फक्त."

"पाहा, तिले दुखतच नाई!" मारोतराव म्हणाले.

"भाऊ, भीती त्याचीच आहे! कानापुढचा हा सांधा कित्येकदा न दुखताच झिजतो. साध्या एक्स-रेत दिसेपर्यंत हाड खराब झालेलं असतं. आतली सूज आधी दाखवतो तो एमआरआय. आता हयगय केली, तर हनुवटीची वाढ खुंटेल. लोकं विचारतील म्हणून पोरीला तसंच ठेवायचं?"

मारोतराव उठू लागले. तेवढ्यात सुरभी हळूच बोलली, "आबाजी, शाळेत माही खिचडी अर्धीच होते, तवर घंटी वाजते. पोट्टे मले बुढी म्हणतात."

"अवं, मंग सांगितलं काहून नाई?"

"तुमी म्हणता ना, नखरे करून राह्यली म्हणून."

मारोतरावांचा चेहरा उतरला. अर्धपोटी लेकराला आपण नखरेल ठरवत होतो!

"सूनबाई, तो कागद काढा. मी सोता येतो नागपूरले."

नागपूरला एमआरआयच्या यंत्राची धडधड सुरू झाली तेव्हा सुरभी घाबरली. आबाजी तिचा पाय धरून बसून राहिले. उजव्या सांध्यात सूज निघाली, पण हाड शाबूत होतं. "वेळेत आलात!" डॉक्टर म्हणाले. त्यांनी औषध बदललं, तोंडाचे व्यायाम शिकवले. सहा महिन्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात सुरभी तोंड पूर्ण उघडून गायली, तेव्हा पहिल्या रांगेतले मारोतराव डोळे पुसत होते.

पुढे बाजारात एक ओळखीचा माणूस लहान पुतण्याबद्दल कुरकुरला, "सकाळी बोटं आखडतात म्हणते. आळशी आहे नुसता!"

मारोतरावांनी त्याला बाजूला घेतलं. "संधिवातानंही बोटं आखडतात. माह्या हातून चार महिने वाया गेले, बापा. तू आजच दवाखान्यात ने त्याले!"

बंधू-भगिनींनो, संधिवात लहान मुलांनाही होतो आणि तो दर वेळी रडून सांगत नाही. मूल जेवायला वेळ लावत असेल, तर रागावण्याआधी त्याला विचारा. डॉक्टरांनी तपासणी सांगितली, तर ती टाळू नका. लोकांच्या तोंडाची चिंता आपण फार वाहिली, आता आपल्या लेकराच्या तोंडाकडे पाहू या!