कोरडे केस

मला भीती वाटते हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी शूर म्हणायला नको. खामगावच्या त्या पार्लरचा जिना मी तीनदा चढले आणि दोनदा उतरले. तिसऱ्यांदा उतरले नाही, कारण खालच्या रसवंतीवरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला होता.

डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला होता. एप्रिलात आमच्याकडे सगळ्याच पोरी तशा फिरतात, फक्त डोळे उघडे. आमच्या उन्हाने माझ्यासारखीवर केलेला तेवढाच एक उपकार. स्कार्फच्या आत डोकं गुळगुळीत होतं.

सोळा दिवसांपूर्वी माझे वडील गेले. कागदोपत्री मी त्यांचा एकुलता एक मुलगा. दहाव्याच्या आदल्या दिवशी आईने माझ्यासमोर हात जोडले. "एवढं कर बाबू. मंग मी तुले कधीच काही म्हणणार नाही." आईने हात जोडल्यावर माणूस काय करणार? चार वर्षं जपून वाढवलेले, खांद्याखाली उतरलेले केस मी आमच्या गावी, धाडच्या नदीवर न्हाव्यापुढे दिले. वस्तरा फिरत होता आणि मी रडत होते. लोकांना वाटलं, पोरगा बापासाठी रडतोय. खरं तर मी केसांसाठी रडत होते. बापासाठी रडायचं राहूनच गेलं.

आणि सोमवारी मला लोणारला एका खाजगी शाळेच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं. नीरजा म्हणून. मुख्याध्यापिका अनुपमा मॅडमनी मुलाखतीत माझे कागद पाहिले, मग मला पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "कागदांचं मी बघते, तुम्ही वेळेवर या." पण त्यांनी पाहिलेल्या बाईला केस होते. बोडक्या डोक्याने गेले असते तर शाळेतल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी माझं बारसं केलं असतं.

तरी शाळेची भीती धाकटी होती. मोठी भीती धाडची. नीरजा आहे हे तिथे फक्त आईला माहीत आहे. मी बुलडाण्याला खोली करून राहते, मला कोणी काही बोललं तर दार लावून घेता येतं. आई तिथे आता एकटी आहे. तिला रोज त्याच नळावर पाणी भरायचंय आणि त्याच बायकांमध्ये बसायचंय. म्हणून धाडच्या एकाही माणसाने मला ओळखता कामा नये, एवढं एकच मी पक्कं ठरवलं होतं.

पार्लरवाल्या कोकिळाताईंना मी फोनवर थाप मारली होती, की विग बहिणीसाठी हवाय, तिला केमो चालू आहे. आत गेले तसं त्यांनी दार लावलं आणि हातात टेप घेतली.

"काढा स्कार्फ."

"बहिणीसाठी..."

"बहिणीचं डोकं मोजाले बहीण लागते. सध्या तुमचंच मोजू."

स्कार्फ काढताना गाठ सुटेना. शेवटी त्यांनीच सोडवली. डोकं पाहिलं, कपाळ पाहिलं, जबडा पाहिला, आणि काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्याचीही मला भीतीच वाटली. डोक्यावर जाळीची टोपी चढवून त्या म्हणाल्या, "आता सांगा, कोणता?"

भिंतीवर थर्माकोलची डोकी रांगेत होती. मी सगळ्यात लांब विगकडे बोट केलं. काळाभोर, चमकता, कमरेपर्यंत. त्यांनी तो मुकाट्याने मला घातला आणि आरशाकडे वळवलं. आरशात गावच्या दंडारीच्या खेळात लुगडं नेसून नाचणारा बाप्या बसला होता. लहानपणी आम्ही पोरं त्याच्या मागे ओरडत जायचो. मीही ओरडले होते.

"सगळ्याच पह्यल्यांदा हाच मांगतेत," कोकिळाताई म्हणाल्या. "मनातली बाई लांब केसाचीच असते. पण वय काय तुमचं?"

"बत्तीस."

"बत्तीस वर्साच्या बाईचे केस असे राह्यतेत का? निम्मे तं फणीत गेलेले असतेत."

मग त्यांनी दुसरा आणला, मानेपर्यंत कापलेला. तो जबड्यावर येऊन थांबला आणि मला एकदम माझा जबडाच दिसायला लागला, दुसरं काही दिसेना. "हे नाही," मी म्हणाले. "हाव, नाहीच," त्या म्हणाल्या. "केस जिथं थांबतेत तिथं माणसाची नजर थांबते. तुमाले खांद्याच्या खाली पाह्यजे."

तिसरा काळा नव्हता, काळपट तपकिरी होता. दाटही नव्हता. भांगाच्या जागी कातडीच्या रंगाचं कापड होतं, त्यामुळे खाली खरंच डोकं असल्यासारखं दिसत होतं. त्यांनी भांग मधोमध ठेवला नाही, बोटभर बाजूला घेतला, तशी कपाळाची रुंदी कमी झाली. कात्रीने कानांपाशी थोडे केस विरळ केले. शेवटी दोन-चार बटा मुद्दाम विस्कटून दिल्या.

"खोट्यात थोडी खोट पाह्यजे," त्या म्हणाल्या, "तवा ते खरं दिसते."

मी आरशात पाहिलं. एक थकलेली, बरी दिसणारी, कुठल्याही ऑफिसात बसलेली असते तशी बाई होती. मला ती फार आवडली. आणि आवडली म्हणून जास्तच भीती वाटली, कारण आता ती हिसकावली जाऊ शकत होती.

"आरशावर भरोसा नोको ठेवू, उन्हावर ठेव. चाल वं, गॅलरीत." त्या तुमीवरून तूवर आल्या होत्या. वं म्हणाल्या होत्या, आमच्याकडे बाईलाच म्हणतात तसं. मला वं म्हणणारं कोणी नव्हतं.

गॅलरी थेट रस्त्यावर. भर दुपार. मी कठडा धरून उभी राहिले. खालून दोन पोरं मोटारसायकलवर गेली, एक म्हातारा गेला, रसवंतीवाल्याने वर पाहिलं आणि पुन्हा ऊस चरकात घातला. कोणी हसलं नाही, कोणी थांबलं नाही.

"आता असंच घरी जाय," कोकिळाताई म्हणाल्या. "सोमवारी पह्यल्यांदा घालशीन तं मान आखडून बसशीन. आन् वरून स्कार्फ नोको बांधू. सोडताना दोन्ही संगंच निघतीन."

अशी मी उघड्या तोंडाने बुलडाण्याच्या एस.टी.त बसले. खिडकी बंद होईना. बोथ्याच्या घाटात वारा असा आत यायचा, की मी कानाशी हात दाबूनच बसले होते, कान दुखतोय असं सोंग करून.

शेजारी साठीची एक बाई येऊन बसली होती, मांडीवर दोन पिशव्या. "कुठं चालली बाई?"

"बुलडाण्याले." शक्य तेवढं हळू बोलले.

"मले धाडले जायचं हाये पुढं."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा ओळखीचा नव्हता. धाड मोठं आहे, पण इतकंही मोठं नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. तिची नजर मला केसांवर जाणवत होती, भांगावरून खाली आणि परत भांगावर. एक वळण गेलं, दुसरं गेलं. कंडक्टर पाच पावलांवर होता. आता ही ओरडेल, मला वाटलं. आता सगळी एस.टी. मागे वळेल.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोण गेलं वं घरातलं?"

मला कळेचना. मग कळलं. घरात कोणी गेलं की आमच्याकडे बायका डोक्याला तेल लावत नाहीत. वडीलधारी बाई येऊन पहिलं तेल लावून देते, तोवर केस तसेच कोरडे. आणि माझे केस तर नायलॉनचे. तिने त्यांना खोटं म्हणून पाहिलंच नव्हतं. सुतकातले म्हणून पाहिलं होतं.

"बाबा," मी म्हणाले.

"अगं माय! आन् तेल नाही लावलं कोणी?"

"नाही."

हे खरं होतं. मला मामाने टोपी घातली होती. मुलाला घालतात ना, तशी.

"लेकीनं असं कोरडं राहू नये," असं म्हणत तिने पिशवीतून खोबरेलाची बाटली काढून तळहातावर तेल घेतलंसुद्धा. "नको मावशी, नको," मी मागे सरकले, पण मागे खिडकी होती. तिचा हात भांगावर आला. बोटं दाबली गेली आणि थांबली. खाली जाळी होती. तिला ती लागली, हे मला तिच्या बोटांवरूनच कळलं.

हात तिथेच ठेवून तिने विचारलं, "कोणाची वं तू?"

थाप तयार होती. चिखलीच्या अमक्याची, म्हटलं असतं की झालं. पण बापाबद्दल लेक म्हणून मला कोणीतरी पहिल्यांदा विचारत होतं, आणि तिथे दुसऱ्या कोणाचं नाव जिभेवर येईचना.

"धाडच्या भगवंतरावांची."

"त्याले तं एकच पोरगा," ती हळूच म्हणाली, माझ्याकडे न बघता. मी डोळे मिटून घेतले आणि वाट बघत राहिले. शिवीची, ओरडण्याची, हिसक्याची.

हात उचलला गेला. मग तो मानेवर आला, विगच्या खाली, जिथे वस्तऱ्यानंतरचे सहा दिवसांचे खुंट होते. तिने तिथे तेल लावलं. चोळून लावलं, सगळ्या तळहाताने, कानामागेपर्यंत. मला रडू फुटलं. या वेळी केसांसाठी नव्हतं. बाबा सायकलवर पुढे बसवून मला बाजाराला न्यायचे, ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. घाट संपेपर्यंत तिचा हात मानेवरच होता.

बुलडाण्याला उतरल्यावर तिने पिशव्या सावरल्या. "नाव काय तुयं?"

"नीरजा."

"नीरजा," ती म्हणाली. "भगवंतरावाची नीरजा." पुन्हा एकदा म्हणाली, घरी जाऊन सांगायचं असलं की माणूस घोकतो तसं. मग ती धाडच्या जीपकडे चालू लागली.

संध्याकाळपर्यंत हे नाव धाडला, आईच्या नळावर पोचणार होतं. जीप भरायला अजून दोन माणसं हवी होती. धावत जाऊन तिच्या पाया पडता आलं असतं, कोणाला सांगू नका म्हणता आलं असतं. पहिला माणूस बसला. दुसरा बसला. मी जिथे होते तिथेच उभी राहिले, भीतीने गारठून, आणि तिला जाऊ दिलं.